मानवशास्त्र शिकून पुढे काय?

अड्यारहून एका मराठी आईचे पत्र आले आहे. यजमानांच्या नोकरीमुळे कुटुंब चेन्नईत स्थायिक झाले. मुलगी पदवीधर झाली आणि आता मानवशास्त्रात एम. ए. करायचे म्हणते. "पाड्यापाड्यांवर हिंडून हिच्या पोटाला काय मिळणार?" असे त्या विचारतात.

ताई, काळजी रास्त आहे. पण मानवशास्त्र म्हणजे नुसत्या कवट्या मोजणे नव्हे. उपयोजित शाखेत योजना आणि माणसे यांचे जुळते की नाही, ते पाहतात. धरणाची उंची अभियंता ठरवतो. पण गाव उठल्यावर सुनांची माहेरे किती लांब पडतील, गावदेव कुठे न्यायचा, हे घरोघरी बसूनच विचारावे लागते. आपल्या इरावती कर्वे यांनी जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणग्रस्तांची पाहणी केली. ती १९६९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली.

तुमच्या जवळचेच उदाहरण घ्या. महाबलीपुरमच्या रस्त्यावर वडनेम्मेली येथे इरुळा आदिवासींची सहकारी संस्था आहे. सापांच्या कातड्यांचा व्यापार बंद झाल्यावर यांची उपजीविका गेली. १९७८ मध्ये संस्था निघाली आणि तेच कसब कामी आले. नाग, मण्यार, घोणस, फुरसे पकडायचे, विष काढायचे, सापाला परत सोडायचे. त्या विषापासून सर्पदंशावरची लस बनते. यामागचे रॉम्युलस व्हिटेकर सर्पतज्ज्ञ, मानवशास्त्रज्ञ नव्हेत. पण या लोकांना काय येते, हे त्यांनी आधी पाहिले. २०२३ मध्ये दोघा इरुळांना पद्मश्री मिळाली.

आता पोटाचे. सरकारी मानवशास्त्र सर्वेक्षण संस्था व प्राध्यापकी यांत जागा थोड्या. सार्वजनिक आरोग्य, पुनर्वसन, स्वयंसेवी संस्था यांत काम मिळते, पगार मात्र सुरुवातीला बेताचा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणाम तपासण्याची तरतूद आहे. तिथेही अशी माणसे लागतात. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला हा वैकल्पिक विषय घेता येतो.

मद्रास विद्यापीठाचा मानवशास्त्र विभाग चेपॉकला, म्हणजे घरून जाऊन-येऊन शिकता येईल. प्रवेशाच्या अटी माहितीपत्रकात पाहाव्यात. क्षेत्रकार्य किती दिवसांचे, हेही विचारा. मुलगी घराबाहेर राहील, त्याची तयारी तुमचीही हवी.

तिला तमिळ कितपत येते, ते तुम्ही लिहिलेले नाही. दुकानापुरतेच येत असेल, तर अर्ज भरण्याआधी शिकवणी लावा.