सतरा उंट, आणि बहिणी कुठे आहेत?

सतरा उंटांचं कोडं मुलांना आहे तसं सांगणं शिक्षकांनी बंद करावं. जुम्याच्या बयानात ते हजरत अलींचा (रजि.) किस्सा म्हणून सांगणाऱ्यांनीही.

कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीची यात्रा भरते. कर्नाटक-तेलंगणातूनही लिंगायत भाविक येतात. तिथल्या एका दुकानात ‘कोडी व उत्तरे’ छापाची पातळ पुस्तिका घेतली, तर त्यात सतरा उंट हजर. तेच कोडं माझ्या मोबाईलवर उर्दूत येतं, वर हजरत अलींचं नाव लावून. बाकी कशावर नाही, पण या कोड्यावर दोन्हीकडे एकमत दिसतं.

कोडं ठाऊक असेलच. बाप सतरा उंट सोडून मरतो. थोरल्याला निम्मे, मधल्याला तिसरा हिस्सा, धाकट्याला नववा. सतराचे निम्मे होईनात. शहाणा माणूस आपला एक उंट मिळवतो, अठरा होतात. मग नऊ, सहा आणि दोन, बेरीज सतरा. आपला उंट घेऊन तो घरी जातो. वाहवा!

आता हे उत्तर तपासा. निम्मा, तिसरा आणि नववा मिळून पूर्ण एक होतच नाही, १७/१८ होतो. बापाने अठरावा हिस्सा कुणाला दिलेलाच नव्हता. थोरल्याच्या वाट्याचे साडेआठ, त्याला मिळाले नऊ. तिघांनाही लिहिल्यापेक्षा जास्त मिळालं. शहाण्याने मृत्युपत्र पाळलं नाही, उरलेलं त्याच प्रमाणात तिघांत वाटून टाकलं. ९:६:२ हे प्रमाण काढलं की उसना उंट लागतच नाही. फराइजमध्ये, म्हणजे वारशाच्या हिशेबात, याच्या जवळची एक रीत आहे, ‘रद्द’. (मराठीतला ‘रद्द’ तिथूनच आला, पण इथे अर्थ परत देणं.)

राहिलं हजरत अलींचं नाव. कुरआनातल्या सुरह निसामध्ये ठरवून दिलेले हिस्से सहा: निम्मा, चौथा, आठवा, दोन तृतीयांश, तिसरा, सहावा. यात नववा कुठे आहे? आणि सख्ख्या तीन मुलग्यांत थोरला-धाकटा असा भेद कुठे आहे?

फिक्हच्या किताबांत त्यांच्या नावावर जो हिशेब आहे, त्याला ‘मिंबरिया’ म्हणतात. ते मिंबरवर असताना कुणी विचारलं: माणूस मेला, मागे बायको, आई, बाप आणि दोन मुली. बायकोला आठवा, आई-बापाला सहावा-सहावा, मुलींना मिळून दोन तृतीयांश. चोवीस भाग धरले तर तीन, चार, चार आणि सोळा. बेरीज सत्तावीस! हिस्से मालमत्तेपेक्षा जास्त. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं की बायकोचा आठवा आता नववा झाला. म्हणजे सत्तावीस भाग करा, सगळ्यांचं सारख्या प्रमाणात कमी होईल. कुणाला वगळलं नाही.

या हिशेबात पाच वारसांपैकी चार बाया आहेत. सतरा उंटांत एकही नाही. बापाला मुलगी नव्हती का, बायको आधीच वारली होती का, हे कोडं सांगत नाही आणि ऐकणारा विचारत नाही.

‘सर, कोडंच आहे, त्यात कायदा कशाला?’ असं एका सहकाऱ्याने विचारलं. कारण आमच्या जिल्ह्यात उंट नसतात, सातबारा असतो. बाप गेला की बहिणीला साडी घेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतात. ‘लग्नात दिलंच की’ हे ठरलेलं वाक्य. मुसलमान घरात सुरह निसा आहे. हिंदू घरात राज्याचा १९९४ चा आणि केंद्राचा २००५ चा कायदा आहे. सही दोन्हीकडे घेतली जाते. आणि मुलं लहानपणापासून अशी वाटणी ऐकतात जिच्यात बहीण मोजायचीच नसते.

मी वर्गात आता दुसरं कोडं देतो. बापाची आठ एकर जमीन, मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली. बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे एक एकर. उरले सात. मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणजे भाग दोन-दोन आणि एक-एक-एक, बेरीज सात. मुलग्यांना दोन-दोन एकर, मुलींना एक-एक. एक गुंठाही उसना घ्यावा लागत नाही.

गणित मुलांना पाच मिनिटांत सुटलं. दोन पालक मात्र शाळेत येऊन म्हणाले, असली कोडी देऊ नका, पोरं घरी येऊन फुफूच्या एकराचं विचारतात.