हरवा, पण नाव घ्या!

मराठी माणसाला विनोद फार आवडतो. मात्र तो शेजाऱ्याच्या दारात झालेला असावा! आपल्या दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकाच पाहा. त्यांतले गाव बहुधा नकाशावर नसते, आणि खेळाचा संघ असलाच, तर त्याचे नाव असे बेतलेले असते की कुणाच्याही भावनेला धक्का लागू नये. पण ज्याने कुणाला चिमटा बसत नाही, त्याने कुणी मनापासून हसतही नाही, हे आम्ही विसरलो आहोत.

‘टेड लासो’ ही इंग्रजी विनोदी मालिका २०२० साली सुरू झाली. फुटबॉलचे ओ की ठो न कळणारा एक अमेरिकन प्रशिक्षक लंडनच्या रिचमंड संघाला खेळ शिकवायला येतो, ही तिची गंमत. रिचमंड संघ काल्पनिक. पण त्याच्यासमोर उभा राहतो तो खराखुरा मँचेस्टर सिटी. पहिल्या पर्वाच्या अखेरीस सिटी रिचमंडला खालच्या श्रेणीत ढकलतो, दुसऱ्यात ५-० असा धुव्वा उडवतो. आणि तिसऱ्या पर्वात, मे २०२३ मधल्या एका भागात, रिचमंड सिटीला त्याच्याच मैदानावर २-० ने हरवतो! सामना संपल्यावर सिटीचे त्या वेळचे खरे प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला स्वतः पडद्यावर येऊन टेडशी हस्तांदोलन करतात. लंडनचा जुना संघ वेस्ट हॅम तर मालिकेतल्या खलनायकाने विकत घेतलेला दाखवला आहे.

कुणी म्हणेल, ही सारी जाहिरातबाजी. असेलही! पण स्वतःच्या पराभवाची जाहिरात करायला छाती लागते. त्याच हंगामात सिटीने प्रत्यक्षात इंग्लंडची लीग, एफ.ए. कप आणि युरोपची चॅम्पियन्स लीग असे तिन्ही करंडक जिंकले. पडद्यावरच्या पराभवाने त्यांतला एकही उणा झाला नाही. अंगी बळ असलेल्याला थट्टेचे भय कसले?

आता घराकडे वळू. आम्हां सोलापूरकरांची नजर फुटबॉल म्हटले की कोल्हापूरकडे जाते. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ! नावात तालीम आणि पायांत चेंडू! जिथे शड्डू घुमायचा तिथून फुटबॉलचे संघ निघावेत आणि शाहू स्टेडियमवर एका पेठेने दुसरीविरुद्ध घसा फोडावा, याहून विनोदी लेखकाला आणखी काय हवे? पण उद्या कुणी अशी मालिका काढलीच, तर पहिल्याच पानावर तालमीचे नाव खोडले जाईल, यात शंका नको.

आमच्याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ २०२२ साली आला. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या मुलांच्या पायांत चेंडू देणाऱ्या विजय बारसे यांच्या कार्यावर तो बेतलेला. पण पडद्यावर अमिताभ बच्चन झाले ‘विजय बोराडे’. तो चित्रपट आहे, चरित्र नव्हे, हे मान्य. परंतु जिथे गौरव करतानाही आडनाव बदलले जाते, तिथे थट्टा करताना खरे नाव कोण घेणार?

दोष एकट्या लेखकाचा नाही. गावाचा उल्लेख झाला रे झाला, की निषेधाचे निवेदन घेऊन धावणारे आपणच! पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांची नाव घेऊन टोपी उडवली. त्या तिन्ही शहरांची अब्रू गेली काय? उलट ती आजही त्यावर पोट धरून हसतात. खरे नाव घेऊन केलेली थट्टा हा आपलेपणाचाच एक प्रकार आहे; परक्याची कुणी एवढी दखल घेत नाही.

म्हणून लेखकांनी थोडे धाडस करावे, आणि तालमींनी थोडे मन मोठे करावे. आपला झेंडा आणि आपला सदरा लेखकाच्या हवाली करून एखाद्या मंडळाने ठणकावून सांगावे, “पडद्यावर आम्हांला खुशाल हरवा; पण नाव मात्र आमचेच घ्या!”