झाकली मूठ

जोएल आणि ईथन कोएन या भावांच्या ‘बर्न आफ्टर रीडिंग’ (२००८) या चित्रपटाचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येतं: आदल्या वर्षीच्या ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’नंतर हात सैल सोडून केलेली ही थट्टा. सगळी पात्रं मूर्ख, दिग्दर्शकांना सगळ्यांबद्दल तुच्छता, शेवटी हाती शून्य. मला हे मत आळशी वाटतं. तुच्छता चित्रपटात आहे, पण ती कुणाची, हे तपासायला नको का?

सीआयएचा विश्लेषक ऑझबर्न कॉक्स पदावनती होताच तणतणत नोकरी सोडतो आणि आठवणी लिहायला बसतो. घटस्फोटाच्या तयारीतली बायको त्याच्या संगणकावरचे आर्थिक तपशील उतरवून घेते. त्यांच्याबरोबर ते लिखाणही जातं. ती सीडी वॉशिंग्टनमधल्या एका जिममध्ये सापडते. तिथल्या लिंडा आणि चॅडला वाटतं, घबाड मिळालं. लिंडाला सौंदर्यशस्त्रक्रिया करून घ्यायच्या आहेत आणि विमा त्याचे पैसे देत नाही. दोघं आधी कॉक्सकडे पैसे मागतात, मग थेट रशियन दूतावास गाठतात. रशियनांनाही त्या कागदात राम दिसत नाही.

ही माणसं मूर्ख आहेतच. पण गुप्त म्हणजे मौल्यवान, हे त्यांना शिकवलं कुणी? ज्या खात्याची सारी प्रतिष्ठा झाकल्या मुठीवर उभी आहे, त्यानेच. सव्वा लाखाची मूठ लिंडाने उघडून पाहिली आणि आत काही नव्हतं.

आता त्या खात्याचं वागणं पाहा. चॅडचा खून झाल्याचं कळल्यावर सीआयएचा वरिष्ठ अधिकारी प्रेत जाळायला सांगतो. एफबीआयला सुगावा लागू द्यायचा नाही. जिमचा व्यवस्थापक टेड, एकेकाळचा पाद्री, केवळ लिंडावरच्या प्रेमापोटी कॉक्सच्या घरात शिरतो. कॉक्स त्याला दिवसाढवळ्या रस्त्यावर कुऱ्हाडीने मारतो. कोएन बंधू हे आपल्याला दाखवतात आणि हसू घशातच अडकतं. कचेरीत मात्र तोच मृत्यू अहवालातलं एक वाक्य होतो. लिंडाने गप्प राहावं म्हणून शस्त्रक्रियांचा खर्च मंजूर होतो आणि फाइल मिटते. काय घडलं ते कुणालाच उमगलेलं नसतं. म्हणजे तुच्छता टेबलामागच्या खुर्चीत बसली आहे, कॅमेऱ्यामागे नाही.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर ५ फेब्रुवारी २००३ आठवावा. कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराकच्या जैविक अस्त्रांच्या फिरत्या कारखान्यांचं वर्णन केलं. ‘कर्व्हबॉल’ या टोपणनावाच्या ज्या खबऱ्यावर ते मुख्यतः बेतलं होतं, त्याने थापा मारल्या होत्या. २०११ मध्ये त्याने तसं जाहीर कबूलही केलं. पॉवेल यांच्या मागेच बसलेले सीआयए प्रमुख जॉर्ज टेनेट यांना २००४ मध्ये ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ मिळालं. त्यापुढे लिंडाच्या शस्त्रक्रिया फारच स्वस्त.

आपल्याकडे ‘एक था टायगर’पासून ‘पठाण’पर्यंत हेरपटांची रांग आहे. त्यांत गद्दार सापडतो, गाढव सापडत नाही. हा केवळ करमणुकीचा प्रश्न नाही. गद्दाराला गोळी घातली की देश सुरक्षित होतो आणि खातं स्वच्छ ठरतं. गाढवपणा निघाला तर जाब विचारावा लागतो. माहिती अधिकार कायद्याच्या (२००५) कलम २४ ने रॉ आणि आयबीला कायद्याबाहेर ठेवलं आहे. अपवाद फक्त भ्रष्टाचाराच्या आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांचा. निव्वळ नालायकी त्यात बसत नाही.

हेरांची नावं, ठिकाणं, मोहिमा गुप्त राहाव्यात, याला माझी हरकत नाही. पण गुपित सांभाळणं आणि चूक लपवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या एक मानायची सवय आपल्याला सिनेमाने लावली आहे. ती मोडणारा एकही हेरपट आपल्याकडे का नसावा? तोवर कोएन बंधूंच्या या चित्रपटाला हलकाफुलका म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.