नळी श्वासनलिकेतच आहे, याची खात्री कोण करणार?

जुलै २०२५ मध्ये अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालयाने एक नवजात बालक मृत म्हणून नातेवाइकांच्या हवाली केले. गावी दफनाची तयारी चालू असताना बाळ जिवंत असल्याचे घरच्यांच्या लक्षात आले! चौकशीचे आदेश निघाले. पण प्रश्न एका डॉक्टरचा नाही. खात्री न करता निर्णय देणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

हीच हयगय बाळ वाचवताना झाली तर? श्वास न घेणाऱ्या बाळाला आधी मास्क लावून पिशवीने हवा देतात. तेवढ्याने भागले नाही तर श्वासनलिकेत नळी घालतात. शेजारीच अन्ननलिका असते. नळी तिकडे गेली की हवा पोटात भरते, फुफ्फुसे रिती राहतात आणि मिनिटांत सारे संपते. अशी चूक अनुभवी हातांकडूनही होते. ती वेळीच न ओळखणे मात्र अक्षम्य आहे.

केवळ स्टेथोस्कोपवर विसंबता येत नाही. इवल्या छातीवर पोटातला आवाजही ऐकू येतो. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड ओळखणारे छोटे उपकरण नळीला जोडले की, नळी योग्य जागी असल्यास त्याचा रंग जांभळ्याचा पिवळा होतो. बाळाच्या हृदयाचे ठोकेही वाढू लागतात. ठोके अतिमंद असतील तर नळी बरोबर असूनही रंग बदलत नाही, हे जाणणारा प्रशिक्षित माणूसही तिथे हवा.

तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते. कोणी मोठा म्हणतो म्हणून मानू नका, पारखून घ्या.

बाबासाहेब आणि माता रमाई यांनी चार लेकरे गमावली. त्याच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाची बाजू लढवली. आज बीडची माय उसाच्या फडात कोयता चालवते. तिच्या बाळाचा श्वास नशिबावर सोडायचा काय?

सरकारी दवाखान्यात वेळेवर उपचार न मिळणे हा घटनेच्या कलम २१ चा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच बजावले आहे. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. जिल्ह्यात जिथे जिथे नवजात बाळाला नळी घातली जाते, तिथे हे उपकरण असलेच पाहिजे. नळी कितीला घातली, खात्री कशाने केली, कोणी केली, याची नोंद केसपेपरवर झालीच पाहिजे.

आणि बांधवांनो, २००२ च्या वैद्यकीय नियमावलीनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत केसपेपर द्यावे लागतात. हात जोडू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या!