आकड्यांना चेहरा नसतो म्हणे!

“चेहरा आम्ही साठवतच नाही हो, साठवतो ते नुसते आकडे!” ओळख पटवण्याच्या प्रणाली विकणारे एक गृहस्थ परवा व्याख्यानात हे इतक्या ठणकावून सांगत होते की सभागृहाने टाळ्या वाजवल्या. कूटबद्ध आकडे न उघडता त्यांच्यावर हिशेब करणे, म्हणजे होमोमॉर्फिक एन्क्रिप्शन, हा त्यांच्या मते प्राध्यापकांचा रिकामपणचा उद्योग. त्यांचा पूर्वपक्ष थोडक्यात असा: आकड्यांवरून चेहरा परत बनत नाही, डेटाबेस तसाही एन्क्रिप्ट केलेला असतो, कुलूपबंद आकड्यांवर हिशेब करायला युगे लागतात, आणि सरळमार्गी माणसाला लपवायचे काय असते?

शेवटचे आधी निकालात काढू. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. विषय संपला. कुणी तरी प्रणालीच्या आतले तपशील विचारले, तेव्हा हेच गृहस्थ “ते गोपनीय आहे” म्हणाले, हे जाता जाता.

डेटाबेस एन्क्रिप्ट केलेला असतो, हे खरे. सराफही रात्री दागिने तिजोरीत ठेवतो, दिवसा ते मांडलेलेच असतात. जुळणीच्या क्षणी सर्व्हर किल्ली लावतो, तुमचा नमुना, म्हणजे तेच आकडे, मेमरीत उघडा करतो आणि मग ताडून पाहतो. आत शिरलेल्या चोराला, किंवा आतल्याच पगारी माणसाला, तेवढा क्षण पुरतो.

आता आकडे. हा मुद्दा सगळ्यात गोंडस आणि सगळ्यात खोटा, म्हणून इथे जरा ठाण मांडतो. 2015 मध्ये गूगलच्या संशोधकांनी फेसनेट मांडले. ते चेहऱ्याचे 128 आकडे करते. हल्लीच्या बऱ्याच प्रणाली 512 करतात. एकाच माणसाच्या दोन फोटोंचे आकडे जवळ पडावेत आणि दोन माणसांचे लांब, एवढ्याचसाठी त्या न्यूरल नेटवर्कला लाखो फोटोंवर घोटवलेले असते. उजेड, पार्श्वभूमी, मान कलती होती की सरळ, हे सगळे शक्य तितके गाळले जाते. उरते ते तुमचे तुमचेपण. आणि या गाळीव मालाला हे गृहस्थ ‘नुसते आकडे’ म्हणतात! 2018 च्या सुमारास संशोधकांनी उलट्या दिशेने नेटवर्क शिकवून अशा आकड्यांवरून चेहरे घडवून दाखवले, आणि ओळख पटवणाऱ्या प्रणालीने त्यातले बरेचसे खरे मानून आत घेतले.

खरे तर चोराला चेहरा घडवायचीही गरज नाही. एखाद्या दवाखान्याच्या दारावरच्या यंत्रातले आकडे फुटले असे समजा. तुमचा लग्नातला फोटो घ्यायचा, त्याच मॉडेलमधून काढायचा आणि कोणत्या नोंदीजवळ पडतो ते पाहायचे. नाव नसलेल्या यादीत तुम्ही सापडलात, आणि कधी कधी दवाखान्यात गेलात तेही कळले.

मग पासवर्डसारखे हॅश, म्हणजे उलट न फिरवता येणारे रूपांतर, का करत नाहीत? 1979 साली मॉरिस आणि थॉम्पसन यांनी पासवर्ड उघडे ठेवू नयेत हे निबंध लिहून पटवले होते. पण हॅशमध्ये एक अक्षर बदलले की सगळा निकाल बदलतो. चेहरा किंवा बोट दोनदा तंतोतंत सारखे कधीच येत नाही. जुळणी जवळिकीवर चालते, आणि हॅशला जवळीक कळत नाही. म्हणून नमुना उघडावा लागतो. ही अडचण आमच्या वक्त्यांनी सांगितलीच नाही, कारण ती सांगितली की कूटबद्ध गणित कशाला हवे याचे उत्तर आपोआप मिळते.

ठशांच्या बाबतीत हा वाद जुनाच. 2015 मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी कार्यालयातून बोटांचे ठसे चोरीला गेले. आधी 11 लाख लोकांचे म्हणाले, मग आकडा 56 लाखांवर गेला. वर दिलासा असा, की सध्या तरी त्यांचा गैरवापर फारसा होऊ शकत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी जर्मनीत एका हॅकरने तिथल्या संरक्षणमंत्र्यांच्या अंगठ्याचा ठसा नुसत्या फोटोंवरून उभा करून दाखवला होता. पासवर्ड बदलता येतो. अंगठा कुठून बदलून आणणार? आपल्याकडे कष्टाने झिजलेली बोटे यंत्राला उमगेनात, तेव्हाही “यंत्र चुकत नाही, बोटच नीट ठेवत नाहीत” म्हणणारे होतेच. ती जातकुळी हीच.

राहिली ‘युगे’. कूटबद्ध आकडे न उघडता त्यांच्यावर हिशेब करता येईल का, या रिव्हेस्ट, एडलमन आणि डर्टूझोस यांनी 1978 मध्ये विचारलेल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर क्रेग जेंट्री यांनी 2009 मध्ये दिले. सुरुवातीच्या अंमलबजावणीत कूटबद्ध आकड्यात हिशेबागणिक साचत जाणारा गोंधळ एकदा निवळायला मोठ्या किल्लीवर अर्धा तास लागे, हे कबूल. वक्ते तिथेच थांबलेले दिसतात. जुळणीसाठी अख्खे नेटवर्क कुलुपात चालवावे लागत नाही. ते फोनवर चालते, आणि आकडे तिथूनच कूटबद्ध होऊन निघतात. सर्व्हरला उरतात काही गुणाकार आणि एक बेरीज. गुणाकारावर गुणाकार चढत नाही, त्यामुळे गोंधळ आवाक्यात राहतो आणि तो निवळण्याचे ते महागडे काम करावेच लागत नाही. कूटबद्ध हिशेबाच्या 2017 च्या सीकेकेएस पद्धतीत एका कूटपाकिटात हजारो आकडे मावतात. एका माणसाची एका नोंदीशी जुळणी सेकंदाच्या आत उरकते.

किल्ली कोणाकडे, हा पेच आहे. फक्त फोनकडे दिली तर चोराचा फोन “जुळले” असे खोटेच सांगेल. सर्व्हरकडे दिली तर सगळे मुसळ केरात. किल्ली दोघांत वाटून द्यावी, आणि बाहेर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ जावे. जुळणीचे गुण किती पडले ते सांगू नये, नाहीतर चोर चाचपडत वर चढतो. छापलेला फोटो कॅमेऱ्यासमोर धरणाऱ्याला हे गणित अडवत नाही. त्याचा बंदोबस्त वेगळा.

सोसायटीच्या फाटकावर किंवा कचेरीत असे यंत्र बसवायला कुणी आले, तर त्याला एवढेच विचारा: ताडून पाहताना माझा नमुना तुमच्या सर्व्हरवर उघडा होतो का? उत्तर ‘हो’ असेल, किंवा “ते गोपनीय आहे” असे असेल, तर सही करू नका.