गव्हाची पारख आणि पोत्यावरचं लेबल

मैत्रिणींनो, वर्षाचा गहू भरताना आपण काय करतो? मूठभर दाणे तळहातावर पसरतो, एक दाताखाली धरतो. कडकन तुटला, आतून काचेसारखा दिसला तर पोळीला चांगला. पांढरा, पिठूळ निघाला तर नको. लोकवन, सिहोरचा शरबती, खपली, बन्सी यातला फरक सांगायला कुणाला विज्ञानाची पदवी लागत नाही. (माझी तर कला शाखेची!)

प्रयोगशाळेतही सुरुवात अशीच होते, फक्त आकड्यात. शंभर लिटरच्या मापात गहू किती किलो भरतो, हे आधी बघतात. 78-80 किलो भरला तर दाणा टपोरा, म्हणजे पीठ जास्त. मग प्रथिनं. ब्रेडला 12-13 टक्के हवीत, बिस्किटाला 9-10 पुरतात आणि दाणाही मऊ लागतो. कारण ग्लुटेन. गव्हातली दोन प्रथिनं पाण्यात एकत्र येऊन कणकेला ताण देतात. एक ताणू देतं, दुसरं परत ओढून घेतं. यीस्टचा वायू या जाळ्यात अडकतो म्हणून पाव फुगतो. बिस्किटात मात्र हेच जाळं घट्ट असलं, तर लाटलेली चकती आक्रसते आणि बिस्किट दगड होतं. म्हणजे 'चांगला गहू' असं काही नसतंच, कशासाठी चांगला हे विचारायला हवं.

हे मी एवढं का सांगतेय? आमच्या वस्तीतला बचत गट पाव आणि नानकटाई करतो. एकदा नव्या पोत्याचा पाव फुगेचना. तेच यीस्ट, तीच भट्टी, तेच हात. दोन दिवसांचा माल फुकट गेला. मिलवाल्याचं उत्तर ठरलेलं, "बायकांचंच काहीतरी चुकलं असेल." गटातल्या एक आजी म्हणाल्या, "कुरडईचा चीक काढतो तसं धुऊन तर बघा." जुन्या आणि नव्या मैद्याचे सारखे गोळे मळले, अर्धा तास पाण्यात ठेवले, मग धुतले. जुन्याचा रबरासारखा गोळा हातात राहिला. नव्याचा बोटांतून तुटून पाण्याबरोबर गेला. गहू पावसात भिजलेला होता की बिस्किटाचा मऊ होता, कोण सांगणार? आमच्या पोत्यावर वजन होतं, भाव होता, पण ग्लुटेनचं नाव नव्हतं.

सरकारी खरेदीतही तेच. ओलावा, कचरा, खराब दाणे, सुरकुतलेले दाणे मोजतात, ग्लुटेन नाही. 2022च्या मार्चमधल्या उष्णतेनं दाणे सुरकुतले, तेव्हा पंजाब-हरियाणात अशा दाण्यांची मर्यादा 6 वरून 18 टक्के केली. शेतकऱ्यासाठी ते योग्यच झालं. पण ज्याचा गहू ब्रेडला उत्तम, त्यालाही भाव रूपावरच मिळणार असेल, तर त्यानं तो वेगळा का पिकवावा, वेगळा का साठवावा?

आणि कमजोर पिठाचं पुढे काय होतं, तेही आपल्या ताटाशी येतं. त्याला उभं करायला बेकरीत 'सुधारक' घालतात. पोटॅशियम ब्रोमेट त्यातलंच. कर्करोगाच्या शंकेवरून 2016 साली त्यावर आपल्याकडे बंदी आली. तोवर आपण आणि आपली मुलं काय खात होतो, देव जाणे.

निफाडचं गहू संशोधन केंद्र, पुण्याची आघारकर संस्था, कर्नालची गहू संस्था, म्हैसूरची अन्नतंत्र संस्था. ज्ञान आहे हो, खूप आहे. ते तालुक्याच्या बाजार समितीत एका टेबलापर्यंत तरी यावं. आणि पोत्यावर 'पावासाठी' की 'बिस्किटासाठी', एवढं छापायला मिलला किती शाई लागते?

आमचा गट आता पोतं घेण्याआधी एक किलो मैदा नमुना म्हणून मागतो आणि धुऊन बघतो. एक मिलवाला देतो. दुसरा अजून हसतो, त्याच्याकडून आम्ही घेत नाही.