तीसपैकी एकोणतीस

आदरणीय प्राचार्य सर,



तुम्ही मला ओळखणार नाही. तुमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या हजेरीपटावर माझं नाव होतं. मी मात्र दिवसभर असायचे मागच्या गल्लीतल्या क्लासच्या तिसऱ्या मजल्यावर. अकरावीच्या प्रवेशाला एकाच टेबलावर दोन पावत्या फाडल्या होत्या. एक तुमच्या महाविद्यालयाची, काही हजारांची. दुसरी क्लासची, लाखाच्या वरची. बाबांनी विचारलं, "मग कॉलेजात कधी यायचं हिनं?" टेबलामागचे सर हसले. "बोर्डाचं टेन्शन घेऊच नका. प्रॅक्टिकलचे मार्क आमच्याकडे लागले." आम्हाला ती सवलत वाटली. लाखभर रुपये मोजल्यावर एवढं तरी मिळायलाच हवं, असं काहीसं.

आज मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय रसायनशास्त्र. माझ्या बारावीच्या गुणपत्रिकेत या विषयाच्या प्रात्यक्षिकाला ३० पैकी २९ गुण आहेत. हे पत्र त्या २९ गुणांबद्दल आहे.

बीएस्सीला लागणारी पात्रता तशी साधी असते. बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण हवी आणि रसायनशास्त्र हा विषय असावा. पुण्याच्या आयसरला जायचं तर त्यांची वेगळी परीक्षा द्यावी लागते; भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईतलं मूलभूत विज्ञानाचं केंद्र यांच्यासाठी नेस्ट असते. आमच्यासारख्यांच्या साध्या महाविद्यालयात तसलं काही नसतं. खिडकीतले कारकून गुणपत्रिका बघतात, दाखला बघतात आणि फॉर्मवर शिक्का मारतात. याबद्दल माझी तक्रार नाही, उलट कौतुकच आहे. एका कागदावर विश्वास ठेवून दार उघडणारी अशी ठिकाणं आता उरलीत किती? पण त्या विश्वासात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. या मुलीने दोन वर्षं रसायनशास्त्र केलंय, म्हणजे तिने ब्युरेट हातात धरलेलं असणार.

मी धरलेलं नव्हतं.

पहिल्या वर्षाच्या सुरुवातीच्या एका प्रॅक्टिकलला ऑक्झॅलिक आम्लाचं ०.१ नॉर्मल द्रावण करायचं होतं, १०० मिली. सरांनी फळ्याकडे वळायच्या आत मी म्हणाले, "०.६३ ग्रॅम." १२६ भागिले दोन, पुढचं तोंडी. सर खूश झाले. त्यानंतर त्याच द्रावणाने पोटॅशियम परमँगनेट तपासायचं होतं. मी ब्युरेट भरलं. त्याच्या तोटीत हवेचा बुडबुडा राहतो आणि तो आधी काढायचा असतो, हे मला माहीत नव्हतं. परमँगनेट इतकं गडद असतं की खालची कड दिसतच नाही, म्हणून त्याचं रीडिंग वरच्या कडेवर घेतात, हेही माहीत नव्हतं. शंकूपात्रात आम्ल घेतलं, सल्फ्युरिक घातलं आणि थंडच ठेवलं. पहिले दोन-तीन थेंब पडले, गुलाबी रंग आला आणि तसाच राहिला. झालं! मी वहीत रीडिंग लिहिलं, ०.२ मिली.

सर वही बघून थांबले. "बारावीत केलंय ना हे?"

"हो, सर."

सर, ते खोटं मी तुमच्या वतीने बोलले.

शेजारच्या टेबलावर एक मुलगी होती. आडगावच्या छोट्या अनुदानित महाविद्यालयातली. तिथं क्लास नव्हता, कारण क्लासवाल्यांना परवडेल इतकी मुलंच त्या गावात नव्हती. तिने माझं शंकूपात्र बर्नरवर धरलं, बाहेरून हात लावून अंदाज घेतला आणि म्हणाली, "साठ-सत्तरला आलं की घे. थंडात सुरुवातीला रंग जातच नाही." डाव्या हाताने ब्युरेटला मागून वेढा घालून ती तोटी फिरवत होती, उजव्या हाताने पात्र गोल हलवत होती. तिचे डोळे खालच्या पांढऱ्या टाइलवर होते. रंग यायचा, जायचा, पुढं चटकन जायला लागायचा. मग एका थेंबाला फिकट गुलाबी आला आणि राहिला. तिची तीन रीडिंग सारखी आली. तिला बारावीच्या प्रॅक्टिकलला ३० पैकी २४ होते. आमच्या प्रवेशयादीत मी तिच्या बरीच वर होते.

गंमत अशी, की यातलं सगळं मला 'येत' होतं. आम्लधर्मी माध्यमात परमँगनेटचा एन-फॅक्टर किती? पाच. या अभिक्रियेत उत्प्रेरक कोण? तयार होणारा मँगनीज आयनच, म्हणून सुरुवात संथ आणि पुढं वेग. हायड्रोक्लोरिक आम्ल का वापरत नाहीत? कारण परमँगनेट क्लोराइडलाच खातं. चार पर्यायांतून बरोबर गोळा काळा करायला मला काही सेकंद लागायचे. पण 'सुरुवात संथ' म्हणजे डोळ्यांसमोर नेमकं काय होतं, ते मला कुणी दाखवलं नव्हतं. आणि २०२४ पासून तर नीटच्या अभ्यासक्रमातच प्रायोगिक रसायनशास्त्राचं स्वतंत्र प्रकरण आहे. ऑक्झॅलिक आम्ल आणि परमँगनेट, मोहरचा क्षार आणि परमँगनेट, सगळं त्यात लिहिलेलं आहे. क्लासने ते प्रकरण एका दुपारी पीडीएफवर उरकलं. तुमची प्रयोगशाळा तिथून चालत पाच मिनिटांवर होती.

ती प्रयोगशाळा मी पाहिलीय. अकरावीत एकदा कुठल्याशा फॉर्मवर सही घ्यायला आले होते. दाराबाहेर 'रसायनशास्त्र प्रयोगशाळा' अशी पाटी आणि आत डाउट-सॉल्व्हिंगची बॅच. सिंकवर प्लायवूडच्या फळ्या ठोकलेल्या, त्यावर टेस्ट पेपरांचे गठ्ठे. प्रयोगशाळेचे मामा कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. मी सहज विचारलं म्हणून त्यांनी कपाट उघडून दाखवलं. ब्युरेटं ओळीने उभी, प्रत्येकाची काचेची तोटी धरून बसलेली. त्यांनी एक फिरवून पाहिली, फिरली नाही. "ग्रीस लावत जा म्हणून सांगायचो," ते म्हणाले. कुणाला सांगायचो ते नाही म्हणाले. किपचं उपकरणही होतं वरच्या फळीवर. पुढं बीएस्सीला एका निवृत्त सरांनी त्याच्या गोष्टी सांगितल्या. हायड्रोजन सल्फाइडचा तो सडक्या अंड्यांचा वास अंगाला घेऊन घरी गेलं की आई अंगणातच थांबवायची म्हणे. आमच्या कपड्यांना कधी कसलाच वास आला नाही.

परीक्षेच्या दिवशी फळ्यावर तीन रीडिंग लिहिलेली होती. प्रत्येकाने दशांश चिन्हापुढचा आकडा थोडा बदलायचा, एवढीच काय ती आमची कामगिरी. क्षाराचं नाव चिठ्ठीवर आलं. ऋण मूलकाच्या आणि धन मूलकाच्या कसोट्या आम्ही पाठ्यपुस्तकातून उतरवल्या. बाहेरून आलेले परीक्षक तुमच्या केबिनमध्ये होते. माझ्या चिठ्ठीवर निकेल होतं. डायमिथिल ग्लायॉक्झाइम घातल्यावर निकेलचा लालभडक साका पडतो. मी 'लाल साका मिळाला' असं लिहिलं. तो साका मी पहिल्यांदा पाहिला दीड वर्षानंतर, आणि परीक्षानळी किती तरी वेळ हातातच धरून उभी राहिले. बाकीच्या मुली हसत होत्या.

आम्हाला रसायनशास्त्र शिकवायला तासिका तत्त्वावर एक मॅडम होत्या. त्यांच्याविषयी मला काहीही म्हणायचं नाही. त्यांनी वर्षाच्या सुरुवातीला प्रॅक्टिकलच्या बॅचेस पाडून यादी लावली होती. ती यादी दुसऱ्या दिवशी नव्हती, आणि दिवाळीनंतर मॅडमही नव्हत्या.

तुम्ही म्हणाल, सगळीकडे हेच चाललंय. चाललंय. इतकं, की २०१८ साली शासनाला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला, तो याच साट्यालोट्यावर. आपल्याकडचं ते यंत्र कुठं बसवलं होतं, तुम्हाला माहीत आहे. क्लासच्या जिन्यात. आम्ही रोज सकाळी इमाने-इतबारे तिथं अंगठा लावून तुमच्याकडे हजर होत होतो.

आणि तुम्ही असंही म्हणाल, की मुलं डॉक्टर व्हायला आली होती, त्यांना ब्युरेट कशाला? हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं. कारण त्यात आमच्यापैकी कुणाला रसायनशास्त्रच आवडेल, ही शक्यताच नाही. नीटला ७२० पैकी १८० गुण रसायनशास्त्राचे. तुमच्या लेखी तो विषय तेवढाच. माझे नीटचे गुण सरकारी जागेला पुरेसे नव्हते. रिपीट करायला क्लास सवलत देत होता. मी नको म्हणाले, कारण दोन वर्षांत तेवढा एकच विषय मला झोपेतही पुरत होता. घरी कुणाला पटेना. लग्नाकार्यात अजून विचारतात, "नंबर नाही लागला का गं? म्हणून बीएस्सी?" पहिल्या वर्षाच्या ओळख-तासाला आमच्याच एका प्राध्यापकांनी विचारलं, "तुमच्यातले किती जण नीट-सीईटीतून गळून आलेत?" निम्म्याहून जास्त हात वर गेले. मी हात वर केला नाही. मग ०.२ मिलीचं रीडिंग लिहिलं, आणि माझा तो न उचललेला हात सगळ्यांच्या लेखी खोटा ठरला.

कमला भागवतांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, पुढच्या कमला सोहोनी. लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या बहीण. मुंबई विद्यापीठातून भौतिक आणि रसायनशास्त्र घेऊन पदवीला पहिल्या आल्या आणि १९३३ साली बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश मागितला. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले. तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. कारण एवढंच, की अर्जदार मुलगी होती. त्यांनी ठिय्या धरला. मग एक वर्ष तात्पुरता प्रवेश मिळाला, अटी घालून. त्या वर्षात त्यांनी काम करून दाखवलं, पुढं केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, आणि त्या संस्थेचं दार नंतरच्या मुलींसाठी उघडलं. शाळेत हे आम्हाला अन्यायाची गोष्ट म्हणून सांगितलं होतं, आणि तो अन्यायच होता. मला मात्र अलीकडे त्यातली दुसरीच बाजू दिसते. त्यांची पात्रता पुरेपूर होती आणि दार बंद होतं. माझ्यासाठी दार सताड उघडं होतं, आणि त्याला लागणारी पात्रता तुम्ही माझ्या नावावर नुसती लिहून ठेवली होती. त्यांना निदान भांडायला समोर कुणीतरी होतं. मी कुणाशी भांडू? २९ गुण जास्त दिले म्हणून बोर्डाकडे कोण तक्रार करतं?

गणिताचंही थोडं सांगते, मग पुरे. दहावीनंतर क्लासच्या समुपदेशकांनी मला बी ग्रुप घ्यायला लावला. गणित सोड, तो वेळ जीवशास्त्राला दे. बीएस्सीच्या पहिल्याच सत्रात अभिक्रियेचा वेग आला आणि त्याच्यापाठोपाठ संकलन. पुढं एमएस्सीला काही ठिकाणी बारावीला किंवा पदवीला गणित असण्याची अट असते, हे तर मला आत्ता कळतंय. त्यात तुमचा थेट हात नव्हता, म्हणून तो हिशेब इथं मांडत नाही. संकलन मी शिकतेय. वेळ लागतो.

बाबा एसटीत कंडक्टर आहेत. त्यांना हे सगळं मी गेल्या दिवाळीत सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैसे घेऊन तिकीट न देणारे आमच्याकडे पुष्कळ पाहिले, सस्पेंड होतात. पण तिकीट देऊन गाडीच न सोडणारे पहिल्यांदाच बघतोय." त्यांना भेटायला यायचं होतं तुम्हाला. मी थांबवलं. ते आवाज चढवतील आणि मग तुम्ही त्यांच्या आवाजाबद्दल बोलत बसाल, अशी भीती वाटली.

मग आता का लिहितेय? या जूनमध्ये माझा धाकटा भाऊ तुमच्याकडे अकरावीला आलाय. मी नको म्हणत होते. पण गावात दुसरं विज्ञानाचं महाविद्यालय नाही, आणि त्याला खरंच डॉक्टर व्हायचंय. पावत्या पुन्हा दोनच फाडल्या. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला, "ताई, तुझं केमिस्ट्रीचं जर्नल दे ना. आमच्या इथं सांगितलंय, जुनं मिळालं तर त्यावरूनच उतरवा." माझं जर्नलही असंच कुणाच्या तरी जर्नलवरून उतरवलेलं आहे. त्याच्या पहिल्या पानावर तुमच्या महाविद्यालयाचा शिक्का आहे, सगळे प्रयोग समाधानकारकरीत्या पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र आहे आणि खाली सही.

त्याला मी जर्नल दिलेलं नाही. दिवाळीच्या सुटीत घरी येईन, तेव्हा त्याला घेऊन तुमच्या प्रयोगशाळेत येणार आहे, शनिवारी सकाळी, कामकाजाच्या वेळेत. त्याचं ओळखपत्र त्याच्याकडे असेल. येताना ब्युरेटच्या तोट्यांना लावायचं ग्रीस मी घेऊन येईन. सिंकवरच्या फळ्या तेवढ्या काढून ठेवा, आणि मामांना कपाटाची किल्ली द्या.

आपली विद्यार्थिनी,
(जर्नलवर नाव आहे.)